जुन्या डिझेल गाडीचा काळा धूर : पंप उघडण्याआधी हवा तपासा

सोयाबीनची काढणी आणि मळणी आटोपली की बुलढाणा जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांची जुनी जीप किंवा पिकअप रोज बाजार समितीच्या वाटेवर असते. याच दिवसांत तक्रार सुरू होते. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते, पण राजूर घाट किंवा बोथा घाट लागला की दम टाकते, गिअर उतरवावा लागतो आणि मागे काळ्या धुराचा लोट दिसतो. अशा वेळी बरेच जण थेट डिझेल पंप आणि नोझलच्या कामाला गाडी लावतात. खर्च होतो, हंगामाचे दिवस वाया जातात आणि अनेकदा धूर तसाच राहतो. कारण बिघाड डिझेलच्या बाजूला नसून हवेच्या बाजूला असतो. हवेची तपासणी घरी, जवळजवळ फुकट करता येते. म्हणून ती आधी करावी.

काळा धूर का येतो?

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते. ते पूर्ण जळण्यासाठी कमीत कमी १२ किलो, म्हणजे साधारण १० हजार लिटर हवा लागते. दोनशे लिटरचे पन्नास ड्रम भरतील इतकी ही हवा झाली. प्रत्यक्षात इंजिनला यापेक्षाही जास्त हवा मिळावी लागते.

जुन्या डिझेल इंजिनमध्ये अ‍ॅक्सिलरेटर फक्त डिझेल वाढवतो. हवा इंजिन स्वतः ओढून घेते. हवेची वाट तुंबली, तरी जुन्या पद्धतीच्या पंपाला ते कळत नाही, तो तेवढेच डिझेल सोडत राहतो. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की काळा धूर, कमी ताकद आणि कमी अ‍ॅव्हरेज या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

आधी लक्षणे नीट ओळखावीत

- काळा धूर आणि ताकद कमी : हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त अथवा नीट फवारले जात नाही.
- ताकद कमी, पण धूर नाही : बहुधा डिझेलच कमी पोहोचते. डिझेल फिल्टर, टाकीतील जाळी, फीड पंप आणि पाइपमधून ओढली जाणारी हवा तपासावी.
- निळा धूर : इंजिन ऑइल जळते.
- पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर पडते किंवा पाणी आत जाते. थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ दिसला तर चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर चालत नाही.
- एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काळ्या धुराचा एक झोत : जुन्या इंजिनमध्ये हे नेहमीचे आहे. भार कायम असताना धूरही कायम राहिला तर तो बिघाड समजावा.

घाटाखालून घाटावर येताना गाडी साधारण ४०० मीटर वर चढते. तेवढ्या उंचीने हवा चार-पाच टक्के विरळ होते. सकाळच्या गारव्याच्या तुलनेत उन्हाळ्याच्या दुपारीही जवळपास तेवढाच फरक पडतो. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी भरलेली गाडी घाटात थोडी जड वाटणे साहजिक आहे. मात्र सकाळच्या थंड हवेत, रिकाम्या गाडीलाही धूर येत असेल तर घाटाला दोष देऊ नये.

टप्पा १ : एअर क्लीनर

मळणी यंत्राजवळ उभी राहिलेली आणि पांदण रस्त्याने फिरणारी गाडी शहरातल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूळ ओढते. त्यामुळे पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर न थांबता मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर दर आठवड्याला उघडून पाहावा.

कागदी फिल्टर असल्यास आतून बल्ब धरावा. उजेड बाहेर दिसत नसेल तर फिल्टर बदलावा. साफ करायचा असल्यास हलक्या हाताने झटकावा आणि आतून बाहेर अशी कमी दाबाची (३० पीएसआयपेक्षा कमी) हवा मारावी. बाहेरून आत हवा मारल्यास धूळ कागदात रुतते. कागदी फिल्टर पाण्याने किंवा डिझेलने धुऊ नये.

ऑइलवर चालणारा एअर क्लीनर असल्यास खालची वाटी काढून पाहावी. तळाशी गाळ साचला असेल किंवा ऑइल घट्ट झाले असेल तर वाटी आणि जाळी धुवावी, कोरडी करावी आणि खुणेपर्यंतच नवीन ऑइल भरावे. खुणेच्या वर ऑइल भरल्यास ते इंजिनमध्ये ओढले जाते. हे धोक्याचे आहे, कारण त्या ऑइलवर इंजिन बेफाम पळू शकते.

फिल्टर काढून गाडी चालवू नये. धूर कमी होईल, पण धुळीने पिस्टन रिंग आणि लायनर घासून इंजिनच उतरवण्याची वेळ येईल.

टप्पा २ : हवेची नळी, टर्बो आणि सायलेन्सर

एअर क्लीनरपासून इंजिनपर्यंतची रबरी नळी हाताने दाबून पाहावी. जुनी नळी बाहेरून चांगली दिसते, पण आतला थर सुटून भार आल्यावर आत ओढला जातो आणि वाट बंद होते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर नळीत उंदराचे घर किंवा काडीकचरा आहे का, हेही पाहावे.

टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या नळीचे क्लिप घट्ट आहेत का ते पाहावे. भार आल्यावर फुस्स असा आवाज येणे आणि सांध्याभोवती तेलकट डाग दिसणे, ही नळी फुटल्याची खूण आहे. तिथून दाबलेली हवा बाहेर जाते.

सायलेन्सर चेपला किंवा काजळीने तुंबला असेल तर जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि नवी हवा आत येत नाही. इंजिन थंड असताना नळी आणि सायलेन्सर बाहेरून तपासावेत.

साधारण २००० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने उघडाच अडकला की काळा धूर आणि ताकद कमी, अशी नेमकी हीच लक्षणे दिसतात. तो काढून साफ करता येतो.

टप्पा ३ : गाडी जड तर चालत नाही ना?

आठ-दहा किलोमीटर ब्रेक कमी वापरून गाडी चालवावी, थांबवावी आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न लावता फक्त उष्णता घ्यावी. एखादे चाक जास्त तापले असेल तर तिथे ब्रेक धरलेला आहे. टायरमधील हवा कमी असल्यासही इंजिनवर भार वाढतो. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही आणि धूरही नाही, असे असेल तर क्लच घसरत असावा.

टप्पा ४ : आता नोझल, टायमिंग आणि पंप

वरील सर्व ठीक असेल तरच डिझेलच्या बाजूला वळावे. प्रथम टॅपेटचे अंतर तपासून घ्यावे, कारण ते चुकले तरी हवा कमी भरते. त्यानंतर नोझल काढून तपासणी यंत्रावर पाहावेत. नोझलमधून बारीक धुके पडले पाहिजे. धार पडत असेल किंवा थेंब गळत असतील तर ते डिझेल पूर्ण जळत नाही. शेवटी पंपाचे टायमिंग आणि कॅलिब्रेशन.

जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करून सदोष सिलिंडर शोधतात. कॉमन रेल इंजिनवर हे कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब १,००० बारच्या पुढे जातो आणि बारीक धारही कातडी भेदून शरीरात जाते. अशा गाडीत इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरवर तपासणी करावी.

ताकद वाढावी म्हणून पंपाचा डिझेल वाढवणारा स्क्रू फिरवून घेऊ नये. हवा तेवढीच राहते आणि डिझेल वाढते. काही दिवस गाडी ओढते असे वाटते, पण धूर वाढतो, पिस्टन तापतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुतले जाते.

गाडी लगेच कधी थांबवावी?

- डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढली आणि त्याला डिझेलचा वास येतो.
- इंजिन ऑइलच्या झाकणातून जोराने धूर फुंकला जातो आणि ऑइलही कमी होते. हे रिंग झिजल्याचे लक्षण आहे, कॉम्प्रेशन तपासावे.
- टर्बोची शिट्टी अचानक वाढते किंवा धातू घासल्याचा आवाज येतो.

काम झाले की नाही, हे कसे ओळखावे?

पीयूसी केंद्रावर धुराची घनता यंत्रावर मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी कमाल मर्यादा प्रति मीटर २.४५ आणि बीएस-४ गाड्यांसाठी १.६२ आहे. दुरुस्तीआधी आणि नंतर एकाच केंद्रावर आकडा घ्यावा. आकडा खाली आला नाही, तर खरे कारण अजून तसेच आहे.

मिस्त्रीकडे जाताना पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : धूर कधीपासून आहे, रिकाम्या गाडीला येतो की भरलेल्या, थंड इंजिनला की गरम, शेवटचे कोणते काम झाले आणि अ‍ॅव्हरेज किती घटले. कृषी सहायक आणि अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी हाच क्रम ट्रॅक्टरसाठीही वापरावा. हवा, सायलेन्सर, भार, नोझल आणि सर्वांत शेवटी पंप, हा क्रम पाळला तर हंगामात गाडी विनाकारण उभी राहत नाही.