खताचे पोते, पावती आणि कायदा

बियाणे खोटे निघाले तर आठ-दहा दिवसांत शेत बोलू लागते. खत निकृष्ट निघाले तर ते पीक हातचे गेल्यावरच कळते. कृष्णाकाठचा ऊस असो, तासगावची द्राक्षे असोत वा माण-खटावची ज्वारी असो, गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणून खताची पारख पोते फोडण्यापूर्वीच व्हावयास हवी.

याच हेतूने केंद्र सरकारने १९५७ साली खत नियंत्रण आदेश काढला. पुढे त्याची जागा १९८५ च्या आदेशाने घेतली. हा आदेश जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली असल्याने त्याचा भंग हा गुन्हा ठरतो.

पोत्यावरील आकडे म्हणजे उत्पादकाने दिलेली हमीच होय. डीएपीवर १८:४६ असे छापलेले असते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असलेच पाहिजे. डीएपीचे चार दाणे चुन्यासह तळहातावर चोळल्यास नाकास झोंबणारा वास येतो. तो न आल्यास संशय घ्यावा. मात्र घरगुती परीक्षेने अन्नद्रव्यांचे प्रमाण कळत नाही. ते प्रयोगशाळेतच ठरते.

खत निरीक्षक दुकानातील शिवलेल्या पोत्यांतून परखीने नमुना घेतात व त्याचे तीन सारखे भाग करून मोहोरबंद करतात. एक भाग प्रयोगशाळेकडे जातो, एक विक्रेत्यास मिळतो व एक वादाच्या प्रसंगी फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. नमुना अप्रमाणित ठरल्यास परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो आणि खटलाही भरता येतो.

यात शेतकऱ्याचा वाटा मोठा आहे. फोडलेल्या पोत्यातील खत कायद्याच्या कसोटीस उतरणे कठीण असते. संशय येताच उरलेली पोती न फोडता ठेवावीत आणि तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. त्याच खेपेचा माल दुकानात शिल्लक असेतोवरच नमुना मिळू शकतो. तक्रारीसोबत पावती जोडावी आणि पोत्यावरील खेप क्रमांक लिहावा.

उधारीच्या भिडेने पुष्कळजण पावती मागत नाहीत. पण पावतीवाचून तक्रार लंगडी पडते, आणि निकृष्ट माल पुढच्या शेतकऱ्याच्या गळ्यात जातो. तेव्हा खत घ्यावे ते पक्क्या पावतीनेच, आणि पीक घरी येईपर्यंत पावती व रिकामे पोते जपून ठेवावे.