चिंचोक्यांचे आयत

मुलांनो, ३६ चे सगळे विभाजक सांगा बरं, पटकन!

वर्गात हा प्रश्न विचारला की भराभर हात वर होतात. १, ३६, २, १८, ४, ९, ६... मग आवाज थांबतो. “झाले का सगळे?” म्हटलं की वर्ग चिडीचूप! बहुतेक वेळा ३ आणि १२ ही जोडी राहिलेली असते. पाढे पाठ असूनही राहते. सगळे सापडले की एखादा निसटला, हे नुसत्या पाढ्यांवरून कळत नाही ना! म्हणून विभाजक मांडून बघायचे.

त्यासाठी घ्या मूठभर चिंचोके. नसतील तर खडे, मणी, बटणं काहीही चालेल. फक्त साधारण एकाच आकाराचे हवेत, नाहीतर रांगा वाकड्या होतात. १२ चिंचोके मोजा आणि फरशीवर आयत मांडा. नियम एकच. प्रत्येक रांगेत सारखेच चिंचोके आणि शेवटी एकही उरता कामा नये. एका रांगेत १२. दोन रांगांत सहा-सहा. तीन रांगांत चार-चार. चार रांगा केल्या तर तीन-तीन येतात, म्हणजे मघाचाच आयत उभा झाला. पाच रांगा? दोन-दोन मांडून दोन उरतात, म्हणजे ५ बाद. आयताच्या बाजू म्हणजेच विभाजक : १ व १२, २ व ६, ३ व ४.

आता १३ घ्या. कितीही खटपट करा, एका लांबलचक शेपटाशिवाय काही होत नाही. ज्यांचं असं नुसतं शेपूटच होतं, त्या मूळ संख्या.

“बाई, ५१ पण मूळ संख्या!” हे दरवर्षी कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. वाटतेही ती तशी, कारण दोन ते दहाच्या पाढ्यांत ५१ कुठे भेटतच नाही. पण तीन रांगा करून पाहा. सतरा, सतरा, सतरा. झाला की आयत! आमच्या वर्गात हा आयत सगळ्यांत आधी सापडला तो पाढे कधीच धड न येणाऱ्या एका मुलाला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि हा पठ्ठ्या ५७ चिंचोके मोजायला लागलाही होता.

आता पुन्हा ३६. रांगा वाढवत चला : १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९. पाच रांगांत एक उरतो. सहा रांगांत सहा-सहा, म्हणजे चक्क चौरस! इथे थांबायचं. सातपासून पुढे रांगा वाढल्या, तर प्रत्येक रांगेत सहापेक्षा कमी चिंचोके येणार आणि ते आयत आपण आधीच आडवे मांडून झालेत. चौरसाच्या दोन्ही बाजू ६, म्हणून तो एकदाच मोजायचा. एकूण विभाजक ९. चौरस होणाऱ्या संख्येचे विभाजक नेहमी विषमच येतात, ४, ९, १६, २५ घेऊन पडताळा. ४८ चा चौरस होत नाही. पण ७ × ७ म्हणजे ४९, म्हणजे सहा रांगांपर्यंत पाहिलं की काम फत्ते.

हा खेळ थेट आकाशातही गेलाय बरं का! १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीतून शौरी तारकासमूहातल्या एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला गेला. त्यात होते १६७९ संकेत, प्रत्येक संकेत दोनपैकी एका प्रकारचा. पलीकडे कुणी असलंच, तर त्याने ते वाचायचे कसे? १६७९ = २३ × ७३, आणि २३ व ७३ दोन्ही मूळ संख्या! शेपूट सोडलं तर एकच आयत, आडवा नाहीतर उभा. संकेत २३-२३ च्या ७३ रांगांत मांडले की चित्र उमटतं : एक ते दहा अंक, माणसाची आकृती, आपली सूर्यमाला आणि खुद्द ती दुर्बीण. ती दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. संदेश मात्र पुढे चाललाय. सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांचा पल्ला आहे त्याचा!

आता तुमचं काम. १०० च्या आतल्या पाच संख्यांना प्रत्येकी १२ विभाजक आहेत, त्याहून जास्त कुणालाच नाहीत. एक सांगून टाकते, ६०. बाकीच्या चार चिंचोके मांडून किंवा चौकटीच्या वहीत आयत काढून शोधा.