कार्बोरेटर स्पेसर कोणता घ्यावा? आधी बॉनेट मोजा, मग ऑर्डर करा!

'स्पेसर लावा, पॉवर वाढवा' असं सांगणारे मसल कारचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मी ते पाहिले आणि पैसे घालवून बसलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

मी टेक्सासमध्ये राहतो. माझी 1970 ची शेव्हरोले शेव्हेल आहे, 350 क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन. उन्हाळ्यात पंपावर पेट्रोल भरायला थांबलं की दहा मिनिटांनी गाडी चालूच होईना. इंजिनच्या उष्णतेने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळत होतं. मी घाईघाईत 2 इंची, ॲल्युमिनियमचा ओपन स्पेसर मागवला. अडचण तशीच राहिली, वर बॉनेटही लागेना!

स्पेसर करतो काय?
कार्बोरेटर आणि त्याखालचा इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारा हा जाड ठोकळा. तो उष्णता अडवू शकतो आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला जास्त जागा देतो. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय?

मटेरियल
ॲल्युमिनियम मजबूत असतं, पण उष्णता सरळ वर पोहोचवतं. गरम इंजिन चालू होत नसेल, तर फेनॉलिक किंवा लाकडाच्या थरांचा स्पेसर बघा.

आकार
- चार भोकांचा: हवेचा वेग टिकवतो. सिग्नलवरून निघताना प्रतिसाद चांगला मिळतो. रोजच्या गाडीला हाच बरा.
- ओपन: मधली जागा मोकळी. वरच्या आरपीएमला फायदा होऊ शकतो, पण कमी वेगात गाडी मंद वाटू शकते.

जाडी
अर्धा, 1 आणि 2 इंच सहज मिळतात. एअर क्लीनरच्या वरच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच बंद करून उघडा. दबलेल्या मातीची जाडी मोजा. तेवढीच तुमची मोकळी जागा. इंजिन हलतं, म्हणून थोडी जागा राखून ठेवा.

बसवताना
1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.
2. काही सोडवण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा.
3. लांब स्टड आणि वर-खाली नवीन गॅस्केट लावा.
4. नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली तर हवा गळते.
5. थ्रॉटल केबल आणि पेट्रोलची नळी ताणली गेली नाही ना, ते बघा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटलाच पाहिजे. तो अडकला तर थेट जिवाशी गाठ!

शेवटी मी 1 इंची, चार भोकांचा फेनॉलिक स्पेसर बसवला. पॉवर वाढल्याचं काही जाणवलं नाही. पण आता पंपावरून गाडी पहिल्याच सेल्फला निघते, आणि मला तेच तर हवं होतं!