थंडी चालली, आता आभाळाकडे लक्ष हवे

माघ सरत आला की आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पहाटे अंगावर घोंगडी आणि दुपारी डोक्यावर टॉवेल अशी स्थिती होते. शिवरात्रीनंतर थंडी ओसरते आणि होळीपर्यंत ऊन तापू लागते. महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे हे महिना-सव्वा महिन्याचे दिवस दिसायला कोरडे असतात. पण वर्षाचे धान्य, जनावरांची वैरण आणि हातात येणारा पैसा, सारे याच दिवसांत शेतात उघड्यावर असते.

गहू आणि ऊन

पहिली भीती उन्हाची. गव्हाचा दाणा भरत असताना थंडी टिकली तर दाणा टपोरा होतो. ऊन अकाली वाढले तर पीक लवकर पिवळे पडते आणि दाणा चिमतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ सालचा मार्च आणि २०२३ सालचा फेब्रुवारी, दोन्ही देशभर दुपारच्या तापमानात आधीच्या वर्षांपेक्षा वरचढ ठरले. उशिरा पेरलेल्या गव्हाला अशा उन्हाचा फटका अधिक बसतो. म्हणून दाणा चिकात असताना पाण्याची पाळी चुकवू नये. मात्र जोराचा वारा असताना पाणी देऊ नये; जमीन ओली आणि ओंबी जड झाली की गहू लोळतो.

गारा का पडतात?

दुसरी भीती अवकाळीची. या दिवसांत उत्तरेकडचे कोरडे, गार वारे अजून पुरते थांबलेले नसतात. त्यातच अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागराकडून दमट हवा आली आणि दुपारी जमीन तापलेली असली, की ती हवा झपाट्याने वर चढते. उंचावर पाण्याचे थेंब गोठतात, वरखाली होत बर्फाचे थर धरतात आणि जड झाले की गारा होऊन कोसळतात. सकाळी निरभ्र, दुपारी घुसमटवणारा उकाडा, मग भराभर फुगत जाणारे ढग आणि अचानक गार झोत, अशी चिन्हे दिसली की सावध व्हावे. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात अशीच गारपीट झाली आणि काढणीला आलेली पिके झोपली.

ज्वारी, कडबा आणि कांदा

कर्जत, जामखेड, शेवगाव, पाथर्डी भागांत ज्वारीची काढणी याच सुमारास असते. कापलेली ज्वारी भिजली तर दाणा काळा पडतो आणि कडब्याला बुरशी लागते. दाण्याची भाकरी माणसांची, पण कडबा हा गाई-बैलांचा उन्हाळा आहे. म्हणून सारे शिवार एकदम कापून पसरू नये. जेवढे झाकता येईल तेवढेच कापावे. पेंढ्या बांधून कडब्याची गंज उंच जागी घालावी आणि ताडपत्री आधीच आणून ठेवावी.

पारनेर, राहुरी, नगर भागांतील कांदेवाल्यांनीही काढणीआधी अंदाज ऐकावा. उपटलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात असा सुकवावा, की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल. नंतर मान थोडी ठेवून पात कापावी आणि कांदा सावलीत वाळवूनच चाळीत भरावा. ओला कांदा भरला तर चाळीत सडतो.

अंदाज कुठे मिळेल?

हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून वार्तापत्र १९४५ साली सुरू केले. आता हे खाते दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज व पीकसल्ला देते. मोबाईलवर ‘मेघदूत’ अ‍ॅपमध्ये तो मराठीत वाचता येतो, तर ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. घरात शिकणारी मुलगी-मुलगा असेल तर रोज संध्याकाळी अंदाज वाचून दाखवायचे काम त्यांच्याकडे सोपवावे. अंदाज कधी चुकतोही. पण एक दिवस काढणी थांबवल्याचे नुकसान भिजलेल्या पिकाहून थोडे.

घरच्या मंडळींसाठी

कुरडया-पापड आणि वाळवणाचे धान्य दुपारनंतर पसरलेले ठेवू नये. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात यावे. जनावरेही झाडाला बांधलेली ठेवू नयेत. आणि एवढे करूनही नुकसान झालेच, तर पीक हलवण्याआधी फोटो काढून तलाठ्याला लगेच कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा.

आभाळ आपल्या हाती नाही. पण कापणी कोणत्या दिवशी करायची आणि ताडपत्री कुठे ठेवायची, हे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे. पाडव्याला गुढी उभारताना धान्य घरात आणि कडबा गंजीत असला, म्हणजे वर्षाची चिंता निम्मी मिटली.