एकवीस गावांचा विश्वचषक

नागपूरकराला मॅचचं तिकीट नाकारू नये. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात हे दोनदा घडलं आणि दोन्ही वेळा नाकारणाऱ्याला ते महागात पडलं. पहिला प्रसंग मुंबईतला. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं, सामने भरवायचे बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने, आणि तिकिटं किती द्यायची हे ठरवणार क्लब. असोसिएशनचे अध्यक्ष होते नागपूरकडचे शेषराव वानखेडे, तेव्हाचे विधानसभेचे अध्यक्ष. वाद विकोपाला गेला आणि वानखेड्यांनी चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, स्वतंत्र स्टेडियमच उभं केलं. आराखडा शशी प्रभूंचा, बांधकाम जेमतेम वर्षभरातलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ काढल्या आणि ब्रेबॉर्नचं वैभव ओसरलं.

दुसरा प्रसंग लॉर्ड्सवरचा. जून १९८३. प्रुडेन्शियल कपच्या, म्हणजे विश्वचषकाच्या, अंतिम सामन्यात भारत पोहोचला होता. भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते एन. के. पी. साळवे: नागपूरचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, काँग्रेसचे खासदार, केंद्रात मंत्री. त्यांनी यजमानांकडे दोन जादा पास मागितले. मिळाले नाहीत. २५ जूनला भारताने १८३ धावांवर वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर साळव्यांनी पाकिस्तानी मंडळाचे प्रमुख एअर मार्शल नूर खान यांच्याकडे हा सल बोलून दाखवला, आणि पुढचा विश्वचषक आपल्याच देशांत का भरवू नये, असं नूर खान म्हणाले. ‘द स्टोरी ऑफ द रिलायन्स कप’ या साळव्यांच्या पुस्तकामुळे हा किस्सा अजरामर झाला आहे.

किस्सा इतका गोळीबंद आहे की त्याच्यावर थोडा संशय घ्यायला हवा. पास दिले असते तर विश्वचषक आणखी वीस वर्षं इंग्लंडमध्येच राहिला असता, असं मानणं भाबडेपणाचं. अपमान झाला की माणूस चिडतो, पण चिडून बैठकीत मतं मिळत नाहीत. मतं कशी मिळाली, हा या गोष्टीचा खरा भाग आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

आधी नूर खान कोण होते ते पाहू. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख, पुढे पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे कर्तेधर्ते, आणि हॉकी संघटनेचे अध्यक्ष. हॉकीचा विश्वचषक असावा ही कल्पना त्यांचीच. तो पहिला विश्वचषक १९७१ मध्ये पाकिस्तानात व्हायचा होता. भारत-पाकिस्तान तणावामुळे तो बार्सिलोनाला हलवावा लागला. १९७८ ची हॉकीतली चॅम्पियन्स ट्रॉफी हीसुद्धा त्यांच्याच डोक्यातून आलेली. म्हणजे शून्यातून आंतरराष्ट्रीय स्पर्धा कशी उभी करायची आणि राजकारणामुळे ती हातातून कशी निसटते, हे दोन्ही या गृहस्थाने अनुभवलं होतं. साळव्यांना हिशेब येत होता आणि दिल्लीचे दरवाजे ठाऊक होते. जोडी जमली ती अशी.

त्या वेळची आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद लॉर्ड्सवरूनच चालायची. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया हे संस्थापक सदस्य, त्यांना नकाराधिकार. पूर्ण सदस्य सात, प्रत्येकाला दोन मतं. बाकीचे सहयोगी सदस्य, प्रत्येकाला एक. १९७५, १९७९ आणि १९८३ हे तिन्ही विश्वचषक इंग्लंडमध्ये झाले होते. तो तिथेच व्हावा असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. दुसऱ्या कुणी मागितलाच नव्हता.

साळव्यांनी पहिलं काम केलं ते घर बांधण्याचं. सप्टेंबर १९८३ मध्ये दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषद स्थापन झाली, साळवे तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि एप्रिल १९८४ मध्ये शारजात पहिला आशिया चषक खेळला गेलासुद्धा. श्रीलंकेला कसोटीचा दर्जा नुकताच, १९८१ मध्ये मिळाला होता, त्यामुळे आशियाची पक्की मतं आता तीन देशांची होती. दुसरं काम पैशाचं. सहभागाची हमी रक्कम इंग्लंड देत होतं त्यापेक्षा घसघशीत जास्त देऊ, असा प्रस्ताव भारत-पाकिस्तानने ठेवला, आणि त्यात छोट्या सहयोगी देशांचा वाटाही वाढवला. आजवर त्या देशांना परिषदेत फारसं कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या प्रत्येकी एका मताची बेरीज केली तर ती किती होते, हे चार्टर्ड अकाउंटंटने बरोबर हेरलं. राहिला ऑस्ट्रेलियाचा प्रश्न. यजमानपद फिरतं ठेवायचं हे तत्त्व एकदा मान्य झालं की पुढचा नंबर कुणाचा, हे ऑस्ट्रेलियालाही कळत होतं. १९९२ चा विश्वचषक खरोखरच तिकडे गेला.

इंग्लंडच्या आक्षेपांपैकी एक मात्र खरा होता. विश्वचषकात डाव साठ षटकांचा असे. इंग्लंडच्या जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साडेपाच-सहाला अंधारून येतं. एका दिवसात १२० षटकं बसणार नाहीत. यावर उत्तर आलं ते अगदी साधं: षटकं कमी करा. डाव पन्नास षटकांचा झाला. ऑस्ट्रेलियात तो आधीपासून होता, पण विश्वचषकाने तो स्वीकारला आणि आज एकदिवसीय सामना म्हणजे पन्नास षटकं हे समीकरण त्यातूनच पक्कं झालं. इतकी टिकाऊ सुधारणा सूर्यास्ताच्या वेळेमुळे झाली, हे मला फार गंमतशीर वाटतं. तोटाही होता. दिवसभर तापलेल्या, झिजलेल्या खेळपट्टीवर संध्याकाळी पाठलाग करणं जड जाई. स्पर्धेतल्या २७ पैकी १९ सामने पहिली फलंदाजी करणाऱ्यांनी जिंकले.

यजमानपद मिळालं आणि सगळं बिघडायला लागलं. १९८४ मध्ये सियाचिनवर भारतीय सैन्य चढलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा भारतीय संघ सियालकोटला खेळत होता. सामना आणि दौरा तिथेच संपला. १९८६-८७ च्या हिवाळ्यात भारतीय लष्कराच्या ‘ब्रासटॅक्स’ सरावामुळे दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर आली. फेब्रुवारी १९८७ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया जयपूरच्या कसोटीला येऊन बसले, तेव्हा कुठे ताण जरा सैल झाला. या सगळ्या काळात भारत-पाकिस्तान संयुक्त व्यवस्थापन समिती बैठका घेत होती. साळवे अध्यक्ष, चंडीगडचे इंदरजितसिंग बिंद्रा सचिव, आणि कोलकात्याचे जगमोहन दालमिया हिशेबाला बसलेले. साळव्यांचं मंडळाचं अध्यक्षपद १९८५ मध्ये संपलं तरी समितीचं संपलं नाही. नेतृत्व म्हणून काही सांगायचं असेल तर मी हे सांगेन: दोन देशांत युद्ध होईल की काय अशी स्थिती असताना पुढच्या बैठकीची तारीख लिहून ठेवणं.

पैशाची बाजू आज कुणाला खरी वाटणार नाही. सामने दाखवण्याचे हक्क दूरदर्शनला विकायचे असतात, ही कल्पनाच नव्हती. परकीय चलन सरकारच्या परवानगीशिवाय हलत नव्हतं आणि हमीची रक्कम तर पौंडांत द्यायची होती. त्यासाठी सरकारची मदत लागलीच. आधीच्या चषकांची प्रायोजक प्रुडेन्शियलने हात काढून घेतला होता. पुढे आले धीरूभाई अंबानी. त्यांच्या ‘विमल’च्या कापडाची जाहिरात तेव्हा घराघरांत माहीत होती. कपाला रिलायन्सचं नाव लागलं. १९८२ चं दिल्लीचं एशियाड हे सरकारी काम होतं, सरकारी पैशातलं. पाच वर्षांतच इतकी मोठी स्पर्धा एका खासगी उद्योगाच्या नावाने भरत होती. उदारीकरणाला अजून चार वर्षं अवकाश होता.

८ ऑक्टोबर १९८७ ला सिंधमधल्या हैदराबादेत पाकिस्तान-श्रीलंका सामन्याने स्पर्धा सुरू झाली. ८ संघ, २७ सामने आणि २१ मैदानं: १४ भारतात, ७ पाकिस्तानात. सत्तावीस सामन्यांना एकवीस मैदानं, हे व्यवस्थापनाच्या कुठल्याही शहाणपणात बसत नाही. कारण उघड होतं. मंडळाच्या निवडणुकीत मतं राज्य संघटनांची असतात. इंदूर, कटक, कानपूर, नागपूर, पुणे, सगळ्यांना पंगतीत पान मांडावं लागलं. पण त्याचा परिणाम असा झाला की गुजरानवाल्यात इंग्लंड-वेस्ट इंडीज आणि पेशावरमध्ये इंग्लंड-श्रीलंका असे सामने लोकांनी आपल्या गावात पाहिले. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर इंग्लंड-श्रीलंका झाला. वेगळ्या हेतूने केलेली वाटणीही कधी कधी पुण्याची ठरते.

दगदग मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. पाकिस्तान सगळे साखळी सामने घरीच खेळला. श्रीलंकेचा मार्ग पाहा: हैदराबाद (सिंध), कराची, पेशावर, मग सीमा ओलांडून कानपूर, परत सीमा ओलांडून फैसलाबाद, पुन्हा सीमा ओलांडून पुणे. वर त्याच ऑक्टोबरात भारतीय शांतिसेना त्यांच्याच देशात, जाफन्यात, लढत होती. कराचीत त्यांना व्हिव्ह रिचर्ड्सने १८१ धावांचा तडाखा दिला तो निराळाच. सहाही सामने हरून ते घरी गेले. वेळापत्रक आखणाऱ्याने त्यांचा विचार केला असेल, असं त्यावरून वाटत नाही.

आखणीतलं यजमानांचं स्वप्न लपत नाही. भारत आणि पाकिस्तान वेगळ्या गटांत. गटात पहिले आले तर एकाची उपांत्य फेरी मुंबईत, दुसऱ्याची लाहोरमध्ये. आणि अंतिम सामना कोलकात्याला. भारत दुसरा आला असता तर त्याला लाहोरला जावं लागलं असतं. म्हणून ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध नुसतं जिंकणं पुरेसं नव्हतं, २२२ धावा ४२.२ षटकांत हव्या होत्या. चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळाचीत. मग अंगात ताप असलेल्या गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ काढल्या, एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं एकमेव शतक. ३२.१ षटकांत काम फत्ते. साळव्यांच्या गावी याहून चांगला दिवस कोणता असणार!

पुढे स्वप्न मोडलं. लाहोरला ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला १८ धावांनी हरवलं. वानखेडेवर इंग्लंडच्या ग्रॅहम गूचने मणिंदर आणि शास्त्रीला स्वीप मार-मारून ११५ केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. याच गूचवर दक्षिण आफ्रिकेच्या बंडखोर दौऱ्याचा डाग होता. विश्वचषकासाठी त्याला येऊ दिलं. पुढच्याच वर्षी त्याच कारणावरून भारताने व्हिसा नाकारले आणि इंग्लंडचा अख्खा दौरा रद्द झाला. स्पर्धा पार पाडायची म्हणून १९८७ मध्ये डोळेझाक झाली, हे नमूद करायला हवं.

आता ८ नोव्हेंबर, ईडन गार्डन्स. घरचे दोन्ही संघ बाहेर, तरी मैदान तुडुंब. समोर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड, म्हणजे नकाराधिकार बाळगणारे नेमके तेच दोघे. पंच भारताचे रामबाबू गुप्ता आणि पाकिस्तानचे मेहबूब शाह. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधार बॉर्डरच्या पहिल्याच चेंडूवर इंग्लंडचा कर्णधार गॅटिंगने रिव्हर्स स्वीप मारायला जाऊन विकेट फेकली आणि ऑस्ट्रेलिया ७ धावांनी जिंकलं.

पंचांचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. संपूर्ण स्पर्धेत तटस्थ पंच, हा याच विश्वचषकाचा पायंडा. त्याच्या वर्षभर आधी लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत इम्रान खानच्या आग्रहाने भारतीय पंच उभे राहिले होते: व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. विश्वचषकात पंचगिरीवरून मोठा तंटा झाला नाही. स्पर्धा संपली, इंग्लंड पाकिस्तानात कसोटी मालिका खेळायला गेलं, पंच पुन्हा यजमानांचे आले, आणि डिसेंबरात फैसलाबादला गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा यांनी एकमेकांवर बोटं रोखली. तेच मैदान, तोच देश, जेमतेम दीड महिन्याचं अंतर. प्रयोग यशस्वी झाल्याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला? तरीही कसोटीत तटस्थ पंच रुळायला नव्वदचं दशक उजाडलं.

१९८७ च्या यशातून पुढचे लोक काय शिकले, यावर माझं मत जरा कडू आहे. साळवे-नूर खान यांची हिकमत वाटून घेण्यात होती: जोखीम शेजाऱ्याबरोबर, सामने गावांबरोबर, पैसा छोट्या देशांबरोबर. पुढच्यांनी त्यातला पैसा तेवढा उचलला. १९९३ मध्ये लॉर्ड्सच्या वादळी बैठकीत १९९६ चा विश्वचषक पुन्हा उपखंडात आला, नकाराधिकारही संपला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सरकारची मक्तेदारी नाही असा निकाल दिला आणि प्रक्षेपणाचे हक्क सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. १९९७ मध्ये दालमिया आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष झाले. पाकिस्तानबरोबरची संयुक्त समिती आता इतिहासजमा आहे. २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी पाकिस्तानात भरली तेव्हा भारत आपले सामने दुबईत खेळला आणि अंतिम सामनाही तिथेच झाला.

आणि ज्यांच्या एकेका मताने चषक लॉर्ड्सहून हलला ते सहयोगी देश? १९९६ मध्ये त्यांच्यातले तीन संघ विश्वचषकात होते. २९ फेब्रुवारीला पुण्याच्या त्याच नेहरू स्टेडियमवर केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ मध्ये बाद केलं. २००७ मध्ये सोळा संघ झाले, पण भारत आणि पाकिस्तान पहिल्याच फेरीत गारद झाले आणि प्रक्षेपणवाल्यांचे चेहरे उतरले. २०१९ आणि २०२३ मध्ये संघ दहावर आले; प्रत्येकाला किमान नऊ सामने, म्हणजे भारत लवकर बाहेर पडण्याची भीतीच नको. २०२७ मध्ये पुन्हा चौदा संघ असतील. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेबरोबर नामिबिया हा सहयोगी देश यजमान आहे. पहिल्या दोघांना यजमान म्हणून थेट प्रवेश आहे. नामिबियाला स्वतःच्याच मैदानावर खेळण्यासाठी पात्रता फेरीतून यावं लागणार आहे.