पासवर्डाचा पाठ : वाशिम जिल्ह्यातील माध्यमिक शाळांपुढील नवे काम

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन, तूर व हरभरा ही येथील मुख्य पिके, उद्योगधंदे बेताचेच. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश झाला. अशा जिल्ह्यात माध्यमिक शाळेतील मुलांना पासवर्ड, ओटीपी आणि खासगी माहितीचे रक्षण या गोष्टी शिकविण्याची एवढी निकड काय, असा प्रश्न एखाद्या पंचायत सदस्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शेतकरी कुटुंबाच्या रोजच्या व्यवहारातच सापडते.

२०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची, असे ठरले. पीएम किसान सन्मान निधीसाठी ई-केवायसी आले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या लाभार्थी भगिनींनाही ई-केवायसी करावे लागले. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. ही सारी कामे कागदोपत्री वडिलांच्या किंवा आईच्या नावाची असली, तरी प्रत्यक्षात मोबाइलवर बोट चालविते ते पुष्कळदा घरातील नववी-दहावीतले मूल. आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, आलेला ओटीपी हे सर्व त्याच्या हातून जाते. पूर्वी गावात पत्र वाचून दाखविणारा एखादा लिहिता-वाचता मनुष्य असे. आता ते काम घरोघरी मुलांकडे आले आहे, आणि त्याबरोबर जोखीमही.

शहरात तयार झालेल्या सायबर सुरक्षिततेच्या पुस्तिका बहुधा असे गृहीत धरतात की, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र मोबाइल आहे. खेड्यातील स्थिती निराळी असते. एकच मोबाइल सकाळी वडिलांबरोबर शेतावर जातो, दुपारी आईकडे असतो आणि संध्याकाळी मुलांच्या हाती येतो. त्यावर मुलीने उघडलेले खाते थोरला भाऊ पाहू शकतो, वडिलांचे बँकेचे ॲप धाकट्याच्या खेळाशेजारीच असते. म्हणून ‘मोबाइल कुणाला देऊ नका’ हा उपदेश येथे निरुपयोगी ठरतो. ॲपला स्वतंत्र कुलूप कसे लावावे, काम संपल्यावर खात्यातून बाहेर कसे पडावे, सेवा केंद्राच्या संगणकावर उतरवून घेतलेली कागदपत्रे निघण्यापूर्वी कशी पुसून टाकावीत, हे येथे अधिक उपयोगाचे आहे.

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरील विद्यार्थ्यालाही दहावीनंतर स्वतःच्या नावाचे लॉगिन काढावे लागते. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात पासवर्ड दुकानदारानेच ठरविला आणि तो त्याच्याच वहीत राहिला, तर महाविद्यालयांचा पसंतीक्रम बदलण्याची किल्ली परक्याच्या हाती गेली असे समजावे. आयुष्यातला पहिला महत्त्वाचा पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः ठरवावा आणि घरी, मोबाइलपासून दूर, कागदावर लिहून ठेवावा. कागदावर लिहू नये असे पूर्वी सांगितले जाई; पण पेटीत ठेवलेला कागद दूरच्या चोराला दिसत नाही.

गणिताच्या तासाला बसणारा विषय

पासवर्ड का फुटतो, हे समजावून देण्यासाठी संगणक-कक्षाची गरज नाही, खडू-फळा पुरतो. चार अंकी पिनच्या एकूण शक्यता १०,००० आहेत. परंतु विद्यार्थ्याने जन्माचा दिवस व महिना घेतला की त्या केवळ ३६६ उरतात, आणि जन्मवर्ष घेतले तर घरातील सर्व माणसे धरूनही शंभराच्या आत. मोबाइलमध्ये डोकावणाऱ्या ओळखीच्या माणसाला तेवढेही प्रयत्न करावे लागत नाहीत. सहा अंकी पिनच्या शक्यता १० लाख होतात. आता दोन हजार सोप्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडले, उदाहरणार्थ तिफण, पितळ, पाहुणा, एरंड, तर शक्यता १६ लाख कोटींवर जाते. आणि हे चार शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले की लक्षात ठेवण्यास सोपा पासवर्ड तयार होतो. मात्र शब्द चिठ्ठीनेच निघाले पाहिजेत. मनाने निवडले की देवाचे नाव, गावाचे नाव आणि आवडत्या नटाचे नाव ठरलेलेच!

त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट अशी की, एकच पासवर्ड सर्वत्र वापरू नये. एखाद्या फुटकळ खेळाच्या संकेतस्थळावरून तो चोरीस गेला, तर तोच पासवर्ड ई-मेलवर लावून पाहणे हे चोरांचे नित्याचे काम आहे. आणि ई-मेल हाती आला की अन्य खात्यांचे पासवर्ड त्यावरून बदलून घेता येतात. म्हणून निदान ई-मेलचा पासवर्ड तरी स्वतंत्र असावा व त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी.

निरोप आला, फाइल आली

अलीकडच्या काळात व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा पीएम किसानची यादी असल्याचे भासवून फाइल पाठविण्याचा प्रकार देशभर वाढला आहे. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये बसविले जाणारे ॲप असते. ते बसविताना संदेश वाचण्याची परवानगी दिली गेली की बँकेकडून आलेला ओटीपी चोराकडे आपोआप पोहोचतो. त्याला कुणाला फोन करून ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. पुढे तीच फाइल त्या मोबाइलमधील सर्व परिचितांना जाते. त्यामुळे ‘अनोळखी माणसाची फाइल उघडू नये’ हा नियम अपुरा पडतो. फाइल मामाच्या क्रमांकावरूनही येऊ शकते. फाइलचे नाव शेवटपर्यंत वाचण्याची सवय मुलांना लावणे, हा त्यावरचा उपाय.

यूपीआयच्या बाबतीत एकच वाक्य पक्के बसले तरी पुष्कळ काम होते : पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे सांगून क्यूआर कोड पाठविणारा आणि पिन टाकावयास लावणारा मनुष्य पैसे देत नसून घेत असतो.

मुलींच्या छायाचित्रांचा विषय शिक्षकांना अवघड वाटतो आणि बहुधा टाळला जातो. तो टाळता कामा नये. साधे छायाचित्र घेऊन त्यावरून अश्लील चित्र बनविणे आता सहज शक्य झाले आहे, आणि ‘घरी सांगेन’ या धमकीच्या जोरावर मुलीला महिनोन्‌महिने छळता येते. छळाला बळ मिळते ते घरच्यांच्या भीतीमुळे. सांगितले तर मोबाइल काढून घेतील, कदाचित शाळाही बंद करतील, असे मुलीला वाटते. शिक्षक-पालक सभेत या एका मुद्द्यावर पालकांकडून स्पष्ट शब्द मिळविता आला तर मुलींना मोठाच आधार होईल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ई अन्वये खासगी अवयवांचे छायाचित्र संमतीवाचून काढणे वा पसरविणे हा गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत कलम ६७-बी आणि २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. असे चित्र केवळ गंमत म्हणून पुढे पाठविणारा वर्गमित्रही कायद्याच्या कचाट्यात सापडतो, हे मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे लागेल.

शाळेजवळची माहिती

विद्यार्थ्यांना शिकविताना शाळेने स्वतःच्या कपाटाकडेही पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक, बँक खाती, पालकांचे मोबाइल क्रमांक एवढी माहिती गावात अन्यत्र क्वचितच एका ठिकाणी असते. ती यू-डायसवर भरली जाते, शिष्यवृत्तीसाठी पाठविली जाते, आणि घाईच्या वेळी तिचा तक्ता व्हॉट्सॲप गटावरही टाकला जातो. तो तक्ता पुढे कुठे जातो याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही.

पश्चिम बंगालमध्ये २०२४ मध्ये घडलेला प्रकार या दृष्टीने बोलका आहे. तेथे ‘तरुणेर स्वप्न’ योजनेत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना टॅब घेण्यासाठी प्रत्येकी १०,००० रुपये दिले जात होते. अनेक विद्यार्थ्यांच्या नावापुढील खाते क्रमांक पोर्टलवर बदलले गेले आणि पैसे भलत्याच खात्यांत जमा झाले. विद्यार्थ्यांचा यात काडीचा दोष नव्हता. शाळेचे लॉगिन एकाच कर्मचाऱ्याच्या जबाबदारीत ठेवणे, त्याची बदली होताच पासवर्ड बदलणे, बाहेरच्या संगणकावर ते न उघडणे, ही काळजी मुख्याध्यापकांनाच घ्यावी लागेल. जेथे आधारची प्रत लागते तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे मुखवटाधारी आधार चालते का, हे आधी विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याने बालक ठरते, तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. मुलांविषयीची ही कर्तव्ये मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक काम व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांपुरती काही मोकळीक आहे; व्हॉट्सॲप गटावर तक्ते टाकण्यासाठी नव्हे.

बंदी की शिक्षण?

वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल बाजूला ठेवण्याची प्रथा सुरू झाली. दोन्ही गावांची तळमळ समजण्यासारखी आहे. दीड तासाची शिस्त अभ्यासाला पोषकच होय. संपूर्ण बंदीचे मात्र तसे नाही. जे मूल घरचे ई-केवायसी करते त्याला मोबाइल वर्ज्य ठेवता येत नाही, आणि चोरून वापरणारे मूल फसले तर सांगायला येत नाही.

शिक्षकांना नव्या पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. बालभारतीच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २ मध्ये ‘सामाजिक आरोग्य’ हा पाठ असून त्यात सायबर गुन्ह्यांची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ओळख आहे. परीक्षेच्या धांदलीत तो वाचून सोडून देण्याऐवजी त्याला दोन तास द्यावेत आणि त्यापैकी एका तासाला पालकांना बोलवावे. केंद्रीय गृह मंत्रालयाने दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळण्याची कल्पना २०२१ मध्ये मांडली आहे. तोही दिवस हाताशी आहे.

पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावयाचा असतो. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यात पोहोचण्यापूर्वी गोठविता येतात. येथे तासा-तासाला महत्त्व आहे, म्हणून आधी फोन आणि मग घरातील रागावणे. लैंगिक स्वरूपाच्या बालचित्रांविषयी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही तक्रार देता येते. ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतील संस्थेची विनामूल्य सेवा अल्पवयीनांच्या अशा चित्राचा केवळ सांकेतिक ठसा घेते, चित्र मोबाइलमधून बाहेर जात नाही, आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशावरून चित्र शोधून काढतात. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक आहेच. शाळांतून २०२२ च्या शासन निर्णयानुसार स्थापन झालेल्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे आणि हे दोन्ही क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावावेत. तेथे ते कुणाच्या नजरेत न येता वाचता येतात.