कोळंबीच्या ताटाखालची जमीन

जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘रेड लॉबस्टर’ या रेस्टॉरंट साखळीने २० डॉलरमध्ये हवी तितकी कोळंबी खाण्याची योजना बारमाही केली. खवय्यांनी ताटांवर ताटं फस्त केली आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे १.१ कोटी डॉलरचा तोटा झाला. दर २५ डॉलरपर्यंत वाढवावा लागला. मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ‘कोळंबीने कंपनी बुडवली’ हीच बातमी जगभर झाली.

हिशेबाची वही काही वेगळंच सांगते.

बिल डार्डन यांनी १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला पहिलं रेड लॉबस्टर काढलं. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी मासळी, हे त्याचं वैशिष्ट्य. पुढे साखळी देशभर पसरली आणि बहुतेक रेस्टॉरंटांची जागाही तिच्या मालकीची राहिली. २०१४ मध्ये ‘गोल्डन गेट कॅपिटल’ या गुंतवणूक कंपनीने ही साखळी २१० कोटी डॉलरना घेतली. त्यातले तब्बल १५० कोटी उभे राहिले ते सुमारे ५०० रेस्टॉरंटांच्या जागा विकून! ज्या जागेची साखळी काल मालकीण होती, तिथेच ती भाडेकरू झाली.

इथेच खरी गोम आहे. गिऱ्हाईक कमी झालं की मासळी कमी मागवता येते, वेटरच्या पाळ्या कमी करता येतात. भाडं मात्र गल्ला रिकामा असला तरी द्यावंच लागतं आणि करार लांब मुदतीचा असेल, तर न चालणारी शाखाही सहज बंद करता येत नाही. २०१९ नंतर रेड लॉबस्टरचं गिऱ्हाईक सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये भाडं गेलं १९ कोटी डॉलर, त्यातले ६.४ कोटी रडतखडत चालणाऱ्या शाखांचे. त्या वर्षीचा एकूण तोटा होता ७.६ कोटी. ६.४ आणि ७.६ कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुखणं कुठे होतं ते कळतं.

कोळंबी अगदीच निर्दोष नव्हती. २०२० पासून साखळीची प्रमुख मालक असलेली ‘थाई युनियन’ ही कंपनीच तिला कोळंबी पुरवत होती. मालक आणि पुरवठादार एकच असताना खरेदीत काटकसर होणं अवघडच. पण पायाच पोखरलेला नसता, तर एका फसलेल्या योजनेने सुमारे ३६ हजार कामगारांच्या पोटावर टांगती तलवार आली नसती.

आपल्याकडेही रेस्टॉरंट साखळ्यांचे शेअर बाजारात आहेत. ‘बार्बेक्यू नेशन’ २०२१ मध्ये आली. २०१९ पासूनच्या हिशेबपद्धतीत लांब मुदतीचं बरंचसं भाडं घसारा आणि व्याज या रकान्यांत जातं. त्यामुळे घसारा, व्याज आणि कर यांआधीचा नफा, म्हणजे एबिटा (EBITDA), फुगलेला दिसतो. असे शेअर घेण्याआधी भाड्यापोटी रोख किती गेली, हे वार्षिक अहवालात शोधा आणि ती रक्कम एबिटातून वजा करून पाहा.